भाऊजींचा डावा पाय

माझे भाऊजी शुद्धीवर आले तेव्हा खोलीत आम्ही तिघं होतो: ताई, मी आणि सलाईनची बाटली बदलायला आलेली नर्स. ताईचा हात गळ्यातल्या झोळीत होता; खांद्याजवळचं हाड मोडलेलं. भाऊजींनी आधी छताकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि विचारलं, "गाडी कुठंय?"

नर्सला हसू आलं. ताई उठून व्हरांड्यात गेली.

त्यांना अजून पायाचं कळलेलं नव्हतं, हे मी तिला नंतर दहादा समजावलं. ती म्हणायची, "पायाचं नव्हतं कळलं, मान्य. पण मी समोर उभी होते ना? मी कशी आहे, हे विचारायला पाय लागतो का?" 

झालं होतं असं. दोघं गाडीवरून घरी परतत होती. भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर, एका आडगल्लीतून टँकर सरळ बाहेर आला. भाऊजींचा डावा पाय टँकरचा बंपर आणि गाडीचं इंजिन यांच्या मधे सापडला. मागं बसलेली ताई उडून कडेच्या गवतात पडली. मोडलेल्या हाडानिशी ती सरपटत त्यांच्यापर्यंत आली, डोक्याचा स्कार्फ त्यांच्या मांडीला आवळला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एका हातानं धरून बसली. त्या पकडीमुळे जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. गुडघ्याखालचा पाय मात्र काढावा लागला.

भाऊजी टर्नर. यंत्रशाळेत लोखंड कातायच्या लेथवर बावीस वर्षं. अर्धा मिलिमीटर म्हणजे त्यांच्या लेखी कोसभर अंतर. बोलणं मोजकं, आणि तेही बहुतेक मोटरसायकलबद्दल. साडेतीनशे सीसीची ती जुनी गाडी त्यांनी भंगारातून आणून, एकेक भाग स्वतः कातून उभी केली होती. ताईची आणि त्यांची ओळखसुद्धा गाडीमुळेच झाली. तिच्या कॉलेजच्या फाटकासमोर ती बंद पडली होती आणि ताईनं धक्का मारला होता. "तेव्हाच पुढं निघून जायला हवं होतं मी," असं ती म्हणायची. पण तेव्हा ती हसत म्हणायची. अठरा वर्षं मागच्या सीटवर बसून तिनं निम्मा मुलूख पाहिला होता.

अपघातानंतर गाडी यंत्रशाळेच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. ताई म्हणाली, "विकू नका, मोडू नका, पण पुन्हा बसायचं नाही. शब्द द्या."

भाऊजी म्हणाले, "बघू."

त्यांच्या 'बघू'चा अर्थ आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे.

कृत्रिम पाय बसवून देणारे एक म्हातारे मास्तर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "या पायावर तुम्ही उभे राहाल, चालाल, जिना चढाल. पण याला कळणार काही नाही. तो कुठं टेकलाय, कशाला लागलाय, निखाऱ्यावर पडलाय का, हे डोळ्यांनी बघावं लागेल. विश्वास ठेवू नका त्याच्यावर." भाऊजींनी मान हलवली. मग पायाचा घोटा उलटसुलट करून पाहत विचारलं, "हा वर वाकत नाही?"

"नाही. कशाला हवाय?"

"सहज."

ते सहज नव्हतं. गाडीचा गिअर डाव्या पायानं बदलतात. वरचा गिअर टाकायचा तर चवडा दांड्याखाली घालून उचलावा लागतो. घोटाच वाकत नसेल तर उचलणार कसा? मास्तरांसमोर बसल्या बसल्या भाऊजींच्या डोक्यात गणित सुरू झालं होतं.

दीड वर्षानं ते माझ्याकडे आले. मी एका मोठ्या गोदामाचा स्टोअरकीपर. मागं ट्रक वळवायचं प्रशस्त आवार आहे, सिमेंटचं.

"काय मेहुणे," ते म्हणाले, "तुमचं आवार सुट्टीच्या दिवशी मोकळंच असतं ना?" चेष्टेत असले की ते मला अहोजाहो करतात. मग एकदम गंभीर झाले. "तुझ्या ताईला सांगायचं नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या दीड वर्षात मी त्यांना खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकताना पाहिलं होतं. कुठल्या गाडीची साखळी ढिली आहे, कुठल्या गाडीचा व्हॉल्व्ह वाजतोय, हे स्वतःशीच पुटपुटायचे. जिवंत माणसाला असं बसलेलं बघवत नाही. मी चाव्या दिल्या.

भाऊजींनी घरी सांगितलं, दर रविवारी सकाळी पायाच्या व्यायामाला जातो. ताईला बरं वाटलं. डबासुद्धा भरून द्यायची. तो डबा मी न उघडता भाऊजींकडे सरकवायचो.

भाऊजींनी गिअरचा दांडा बदलला होता. पुढं एक पट्टी, मागं एक पट्टी. टाचेनं मागची दाबली की वरचा गिअर, चवड्यानं पुढची दाबली की खालचा. घोट्याचं काम मांडीवर आणलेलं. पण खरी अडचण वेगळीच निघाली. पाय पायदानावर आहे की नाही, हे त्यांना कळायचंच नाही. सारखं खाली बघायचे, आणि खाली बघितलं की गाडी भलतीकडे जायची. पहिल्या महिन्यात तीनदा पडले. एकदा कृत्रिम पाय गाडीखाली अडकून गुडघ्याखालून निम्मा निसटला आणि उलटा फिरला. बुटाचं टोक मागं वळलेलं पाहून मी किंचाळलो. भाऊजी शांतपणे म्हणाले, "ओरडू नकोस, दुखत नाहीये. गाडी उचल आधी, पेट्रोल सांडतंय."

संध्याकाळपर्यंत उरलेला पाय थोडा बारीक व्हायचा, मग कृत्रिम पायाच्या खोबणीत खुळखुळायचा. त्यावर जाडे मोजे चढवायचे, एकावर एक. कातडी सोलली की पावडर लावून गप्प बसायचे आणि घरी सांगायचे, व्यायाम जरा जास्त झाला.

चार महिन्यांत ते गाडी चालवू लागले. चांगली चालवू लागले. परवाना कार्यालयात अर्ज गेला, परीक्षेची तारीख आली. आठवडा राहिला होता, तेव्हा ताई माझ्या घरी आली. हातात भाऊजींचा डावा बूट.

"हे काय आहे?"

"बूट."

"तळ बघ."

मी पाहिला. टाचेपाशी आणि चवड्यापाशी, रबरात दोन आडव्या खाचा पडल्या होत्या. बोटभर रुंद, गुळगुळीत झिजलेल्या.

"पुसायला घेतला तेव्हा दिसलं," ताई म्हणाली. "उजव्याला नाहीत. अठरा वर्षं त्या गाडीवर बसलेय मी. कशानं काय झिजतं ते मला कळतं. किती दिवस चाललंय?"

"चार महिने."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.  "डबा देत होते मी तुम्हाला," ती म्हणाली.

मी तिच्याबरोबर घरी गेलो. भाऊजी पाय काढून खुर्चीत बसले होते. तिनं बूट टेबलावर ठेवला. भाऊजींनी बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नाकारायचा प्रयत्नच केला नाही.

"सांगणार होतो."

"कधी? दुसरा पाय गेल्यावर?"

"अगं, मी काळजी घेतो—"

"त्या दिवशीही घेत होतात की. माझ्या हातात तुमचं रक्त गार होत होतं. तुम्हाला आठवत नाही, तुम्ही बेशुद्ध होतात. मला रोज आठवतं. मी कांदा चिरताना आठवतं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. "तुम्हाला गाडी नसली तर चालत नाही. मला तुम्ही नसलात तर चालत नाही. एवढा साधा हिशेब आहे."

 मग भाऊजी म्हणाले, "खिडकीशी बसून राहिलो तर मी असेन का?"

 ताई दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "परीक्षेला मी येणार. पडलात तर उचलायला घरचं कुणी असावं. हा माझा भाऊ उपयोगाचा नाही."

परवाना कार्यालयामागं परीक्षेचं मैदान होतं. पांढऱ्या रेषांनी आखलेला इंग्रजी आठ, मग एक गतिरोधक, मग डावीकडे वळून उतार, आणि उताराच्या शेवटी थांबायची रेषा. रेषेपासून चार पावलांवर कंपाउंडची दगडी भिंत. परीक्षक म्हणून पन्नाशीच्या एक बाई होत्या. गळ्यात शिट्टी, हातात कागद लावलेली फळी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून गिअरचा दांडा हातानं दाबून पाहिला.

"कुणी बनवला?"

"मीच."

"हं." त्यांनी अर्ज वाचला. "मागं माणूस बसवायची परवानगीही मागितलीय तुम्ही."

भाऊजींनी ते लिहिलंय, हे मलाही माहीत नव्हतं. ताईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मागितलीय," भाऊजी म्हणाले.

"मग बसवून दाखवा. एकट्याची चाचणी वेगळी, दोघांची वेगळी. आहे कुणी?"

मी पुढं झालो. माझं वजन ब्याण्णव किलो. परीक्षक बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भाऊजींनीही पाहिलं. तेवढ्यात ताई माझ्या हातातलं हेल्मेट काढून घेत म्हणाली, "हो बाजूला."

"अगं, तू नको," भाऊजी हळूच म्हणाले.

"का? मला बसवायची भीती वाटते? मग माझ्या जागी कुणाला बसवणार होतात?"

ती बसली. हात मात्र त्यांच्या खांद्यावर ठेवला नाही. मागची कडी धरली. मी पाहिलं, बोटं पांढरी पडली होती.

भाऊजींनी गाडी सुरू केली. आठाच्या आकड्यात ती अशी वळली की दोरीनं कुणी ओढत असावं. मी श्वास सोडला. गतिरोधक आला, गाडी वर उचलली गेली, धप्पकन खाली आली. आणि भाऊजींचा डावा पाय पायदानावरून घसरला.

मला तो दिसला. बूट हवेत लोंबत होता, जमिनीपासून वीतभर वर. भाऊजींना पत्ताच नव्हता. ते ताठ बसून समोर बघत होते, आता डावीकडे वळायचं होतं. गाडी डावीकडे कलली की तो बूट जमिनीला लागणार, मागं खेचला जाणार, कदाचित चाकात. आणि पुढं उतार, आणि भिंत. मी ओरडलो, पण हेल्मेटात आणि इंजिनाच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार.

गाडी कलायला लागली. तेवढ्यात ताईनं कडी सोडली. डावा हात खाली घातला, विजारीचं कापड गुडघ्याखाली मुठीत धरलं, पाय उचलला आणि पायदानावर आपटला. मग त्यांच्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या. भाऊजींची मान क्षणभर खाली झाली. गाडी वळली, खालचा गिअर पडल्याचा आवाज मला ऐकू आला, उतार संपला आणि पुढचं चाक बरोबर रेषेवर येऊन थांबलं.

मी धावत तिथं पोचलो तेव्हा परीक्षक बाई आधीच पोचल्या होत्या. चाचणीभर त्या गतिरोधकाच्या पलीकडे, उजव्या बाजूला उभ्या होत्या. डावा पाय त्यांना तिथून दिसला असेल की नाही, सांगता येत नव्हतं.

"बाई," त्या ताईला म्हणाल्या, "वळताना तुमचा हात खाली कशाला गेला होता?"

भाऊजींनी मान वळवली नाही. त्यांच्या मानेची शीर तेवढी टरारली होती. मी मनातल्या मनात ताईला विनवत होतो: सांग ना, विजार सारखी केली म्हण, काहीही म्हण.

ताईनं हेल्मेट काढलं. "यांचा पाय सुटला होता. मी उचलून ठेवला."

"त्यांना कळलं होतं?"

"नाही."

परीक्षक बाईंनी फळीवर काहीतरी लिहिलं. "तुम्ही मागं नसता तर काय झालं असतं, ते तुम्हाला दोघांनाही समजलंय. आज पास करता येणार नाही. तीन महिन्यांनी या."

 घरी येऊन दार लावल्याबरोबर भाऊजी फुटले. "एक वाक्य! एक वाक्य वेगळं बोलली असतीस तर!"

"खोटं बोलायला माझा भाऊ आहे की," ताई म्हणाली. "त्यानं चार महिने बोलून दाखवलं. मला नाही जमत."

मी तोंडात मारल्यासारखा तिथून निघालो. पुढं तीन दिवस त्या घरात अबोला होता. भाची मला फोन करून सांगायची, "मामा, आज बाबा भिंतीशी बोलले."

चौथ्या दिवशी भाऊजी कामावरून आले आणि ताईपुढं एक कागद ठेवला. पायदानाचं चित्र होतं. बाहेरच्या बाजूला उभा कठडा, मागं टाचेला अडवणारी कड. "आता घसरणार नाही," ते म्हणाले. ती त्यांची माफी असावी. दुसऱ्या कुठल्या भाषेत त्यांना ती मागता येत नाही.

ताईनं कागद फिरवून फिरवून पाहिला. "आणि गाडी पडली तर? पाय आत अडकून राहील. तेव्हा अडकला होता तसाच."

 भाऊजींनी पेन्सिल कानावरून काढली.

पुढचे दोन महिने ते दोघं त्या पायदानाच्या मागं लागले होते. कठडा स्प्रिंगवर बसवला. खड्ड्यातून गेलं तरी हलायचा नाही. गाडी आडवी झाली आणि पाय बाहेर ओढला गेला की उघडायचा. स्प्रिंग किती ताकदीची, हेच सगळं कोडं होतं. रविवारी माझ्या आवारात जुन्या गाद्या अंथरल्या. भाऊजी बंद गाडीवर बसायचे आणि ताई त्यांना ढकलून पाडायची. पाय सुटला की ती मोजायची, नाही सुटला की भाऊजी स्प्रिंग बदलायचे. गाडी उचलायचं काम अर्थातच माझं. एकाच दिवसात तिनं त्यांना चाळीस वेळा पाडलं. पहिल्या दहा वेळा तिनं डोळे मिटून जेमतेम ढकललं. विसाव्या खेपेला तिनं असा धक्का दिला की भाऊजी म्हणाले, "हा चाचणीचा नव्हता, हा मनातला होता."

"होता," ताई म्हणाली. "चढा परत."

शेवटच्या सव्वीस खेपांत पाय एकदाही अडकला नाही.

दुसऱ्या परीक्षेला परीक्षक बाईंनी भाऊजींना एकट्यालाच चालवायला लावलं. गतिरोधकावरून नऊ वेळा. प्रत्येक वेळी त्या डाव्या बाजूला येऊन, गुडघ्यावर हात टेकून वाकून बघत होत्या. नवव्या खेपेनंतर त्यांनी कठडा हातानं ओढून पाहिला, तो खट्कन उघडला, परत मिटला. "परवाना देते," त्या म्हणाल्या. "पण एकट्याचा. मागची सीट वर्षभर रिकामी. वर्षानं परत या, मग बघू."

"वर्षभर?" भाऊजी म्हणाले.

"वर्षभर," ताई मधेच म्हणाली. "बाई बरोबर बोलतायत."

ते वर्ष भाऊजींनी नियमानं काढलं. ओल्या रस्त्यावर गाडी काढली नाही. निघताना फोन, पोचल्यावर फोन. एकदा पोचल्याचा फोन वीस मिनिटं उशिरा आला, तर ताई चपला घालून चौकात जाऊन उभी राहिली होती. कारण काय, तर भाऊजी रस्त्यात कुणाची तरी बंद पडलेली गाडी दुरुस्त करत बसले होते.

वर्षानं दोघांचा परवाना मिळाला. आता त्यालाही पाच वर्षं होत आली. ताई बसते, पण तासाभराच्या आतलं अंतर असेल तरच. त्याहून लांब जायचं तर ती बसनं जाते आणि हे गाडीनं जातात. भीती गेली का, असं मी तिला एकदा विचारलं. "नाही," ती म्हणाली. "कडी नाही धरत आता, एवढंच."

मास्तरांच्या सांगण्यावरून भाऊजींनी तसली पायदानं आणखी तिघांना करून दिली. त्यातला एक टपाल वाटणारा. गेल्या वर्षी तो वाळूवरून घसरून पडला. पाय सुटला, कोपर तेवढं खरचटलं. भाऊजींनी ही बातमी जेवताना सांगितली, अगदी सहज, जणू हवामानच. ताई जेवता जेवता थांबली. "स्प्रिंग कितीची होती?" तिनं विचारलं.

मागच्या महिन्यात एका शिक्षिकेच्या गाडीला पायदान बसवायला भाऊजी दोनशे किलोमीटर गेले आणि त्याच दिवशी परत आले. उरलेल्या पायाची कातडी इतकी सोलली की पंधरा दिवस कुबड्यांवर काढावे लागले. मी भेटायला गेलो तेव्हा ते पलंगावर होते आणि ताई मलम लावत अखंड बोलत होती. आता पुरे, आता वय झालं, आता त्या शिक्षिकेनंच गाडी इकडे आणावी. भाऊजी निमूटपणे ऐकत होते. तिचं बोलणं संपल्यावर म्हणाले, "त्यांचा उजवा पाय गेलाय. म्हणजे ब्रेकचा. त्याला वेगळं काहीतरी करावं लागेल. मी तात्पुरतं बसवलंय."

ताईनं मलमाची डबी बंद केली, हात पुसले आणि पलंगाखालच्या खोक्यातून कोरा कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. "दाखवा," ती म्हणाली. "ब्रेकचा असेल तर पाय सुटून कसं चालेल?"